पंधरा दिवस वेगळी

आमच्या घरात 'सोबत' हा शब्द सढळ हाताने वापरला जायचा, आणि तो नेमका मलाच येऊन चिकटायचा. शेजारच्या काकूंना दवाखान्यात जायचंय, अनूला घेऊन जा सोबतीला. मावशीचे यजमान गावी गेलेत, अनूला पाठवा सोबतीला. मी कधी कुणाच्या कामाला आले असेन असं वाटत नाही, कारण मी अबोल होते आणि अंधाराला भ्यायचे. पण सोबतीला तेवढं लागत नाही, माणूस घरात असलं की झालं. त्यामुळे आठवीची परीक्षा संपता संपता कोपरीची आत्या न्हाणीघरात घसरून गुडघा धरून बसली, तेव्हा बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. स्कूटरवर पायांशी माझी पिशवी ठेवली आणि मानपाड्याहून थेट आत्याच्या दारात नेऊन सोडलं. वाटेत मी तोंड फुगवून बसले होते. पण खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं कारण बाबांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी माझी पाळी सुरू झाली होती. आई काही दुष्ट बाई नव्हती. ती मोबाइलवर बघून केक करायची, माझ्या गणिताच्या क्लाससाठी भांडून वेळ बदलून घ्यायची. पण ते चार दिवस आले की आमच्या दोन खोल्यांच्या घरात माझी चटई खिडकीखाली जायची, आणि माझं ताट-वाटी-पेला वॉशिंग मशीनवर वेगळं उपडं पडायचं. देवाकडे जायचं नाही, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, पाणी मागून घ्यायचं. घरात वायफाय आलेलं, आणि मी पाण्यासाठी हाक मारत बसलेली. आई हे सगळं अगदी गोड आवाजात करायची, म्हणून तिच्यावर रागावताही यायचं नाही. बाबांना दिसायचं, पण ते वर्तमानपत्र उंच धरायचे.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं तिने. वीज कचेरीत तक्रारींच्या टेबलावर आयुष्य काढून निवृत्त झालेली, त्यामुळे समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याचं खोटं कुठे आहे ते तिला कळायचं. तळमजल्यावर तिचं जुनं घर, दारात जास्वंद, आणि स्टेशनच्या सूचना दिवसभर ऐकू यायच्या. घराला वास होता तो कडुलिंबाच्या पाल्याचा, हिंगाचा आणि ओल्या गवताचा. गवताचा वास वांगीमुळे.

वांगी म्हणजे गिनीपिग. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: ससा नव्हे, उंदीर नव्हे, मधलंच काहीतरी, शेपूट नाही, मान नाही, नुसतं केसाळ, गुबगुबीत अंग आणि काळे मण्यांसारखे डोळे. वरच्या मजल्यावरचं कुटुंब घोडबंदर रोडवर टॉवरमध्ये राहायला गेलं, तेव्हा सामान लागेपर्यंत आठ दिवस म्हणून त्यांनी दोन गिनीपिग आत्याकडे ठेवल्या. ते आठ दिवस चार वर्षं चालले. काळपट जांभळी ती वांगी, पांढरी ती मुळी, अशी नावं आत्याने भाजीवाल्यासमोर उभ्याउभ्या ठेवली. कोथिंबिरीच्या पिशवीचं प्लास्टिक वाजलं की दोघी शिट्ट्या मारायच्या, इतक्या मोठ्याने की फोनवर बोलणारा विचारायचा, कुकर झाला का तुमचा. महाशिवरात्रीच्या सुमारास मुळी गेली, वयाने. मी पोचले तेव्हा वांगी एकटी होऊन दोन महिने झाले होते. प्लास्टिक वाजलं तरी ती शिट्टी मारत नव्हती. काकडीचा तुकडा नाकाशी धरला तर एकदा हुंगून भिंतीकडे तोंड करायची. आत्या पोळीच्या पिठाच्या काट्यावर तिचं वजन करून कॅलेंडरवर लिहायची, आणि आकडा दर रविवारी खाली यायचा.

पहिल्याच आठवड्यात माझे ते दिवस आले. मी आत्याला सांगितलं आणि सवयीने चटई घेऊन खिडकीकडे निघाले. आत्याने विचारलं, कुठे चाललीस? त्या दिवशी ती टेबलाशी कैरीचं लोणचं घालायला बसली होती. फोडी चिरून, मीठ-हळद लावून, मोहरीची डाळ परातीत काढलेली. तिने मला हात धुवायला लावले आणि परात माझ्यापुढे सरकवली.

"कालव," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. बघू या नासतं का."

मी कालवलं. बोटं मोहरीने झणझणली. तेल गार करून ओतलं, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, आणि आत्याने संध्याकाळी देवापुढे दिवाही मलाच लावायला लावला. त्या रात्री जेवताना तिने मला एक गोष्ट सांगितली, जी बाबांनी कधी सांगितली नव्हती. बहुधा तेव्हा ते फार लहान होते. गावच्या घरी आत्या चौदा वर्षांची असताना अशीच गोठ्यालगतच्या खोलीत बाजूला बसली होती, आणि त्याच तीन दिवसांत आजी, म्हणजे तिची आई, तापाने गेली. आजी ओसरीवर निजलेली आत्याला अंगणापलीकडून दिसत होती. पाणी मागत होती. आत्याला उठू दिलं नाही. पाणी दुसऱ्या कुणीतरी दिलंच, पण आजी आत्याचं नाव घेऊन मागत होती. हे सांगून झाल्यावर आत्याने आमटी वाढून घेतली आणि म्हणाली, माझ्या घरात कुणालाही वेगळं बसवायचं नाही, एवढा एकच नियम आहे. मला तेव्हा ती जगातली सर्वांत शूर बाई वाटली. मी रोज बरणीजवळ जाऊन वास घ्यायचे. लोणचं काही नासलं नाही, उलट मुरत चाललं.

मग वांगीने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, आणि आम्ही तिला टोपलीत घालून रिक्षाने घोडबंदर रोडला एका डॉक्टरकडे नेलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आत्याचा गुडघा चढू देईना, म्हणून ती खाली रिक्षात थांबली आणि मी टोपली घेऊन वर गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, भरभर बोलणारी. तिने वांगीचे दात पाहिले, पोट दाबलं, आणि म्हणाली, आजार असा काही नाहीये, एकटी पडलीये ती, हे प्राणी एकटे राहात नाहीत, हिला कुणी तरी सोबत आणा. तो शब्द ऐकून मला हसू आलं. कागदावर तिने थेंबांचं औषध आणि खाणं लिहून दिलं. मी दारापर्यंत आले तेव्हा तिने परत बोलावलं.

"ए ऐक, नवीन आणलीत ना की लगेच एकत्र नाही हं टाकायचं. पंधरा दिवस वेगळी ठेवायची. वेगळ्या खोलीत. तिला हात लावला की साबणाने धुवायचे, मग हिला लावायचा. मग दोघींना नवीन जागी भेटवायचं, हिच्या पिंजऱ्यात नाही. घरच्यांना सांगशील ना?"

मी मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नसावा, कारण तिने कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं: नवीन, पंधरा दिवस वेगळी.

त्या जिन्याला वीस-बावीस पायऱ्या असतील. तेवढ्या पायऱ्यांत मी जे ठरवलं त्याचा हिशोब मला आजही नीट लागत नाही. अजूनही कुठलाही जिना उतरताना तो एक जिना आठवतो. वेगळी ठेवायची, वेगळ्या खोलीत, शिवलं तर हात धुवायचे. हे सगळं मला तोंडपाठ होतं. हे मी आईकडून ऐकलं होतं, वॉशिंग मशीनवरच्या ताटात जेवले होते. आत्याने मला नुकतंच लोणचं कालवायला लावून दाखवलं होतं की या सगळ्याला काही अर्थ नसतो. आता मीच खाली जाऊन तिला सांगायचं, की तुझ्या घरात कुणालातरी पंधरा दिवस बाजूला बसव? मला ते तिचा अपमान केल्यासारखं वाटलं. आणि खोलवर अशीही भीती होती की आत्याने हे एकदा ऐकलं तर त्या घरातला नियम मोडेल आणि मग ते घरही आमच्या घरासारखं होईल. रिक्षात बसल्यावर मी कागद तिच्या हातात दिला, पुढची बाजू वर करून, आणि म्हटलं, सोबत आणा म्हणाल्या. बाकी काही बोलले नाही.

रविवारी बाबा मला कल्याणला एका दुकानात घेऊन गेले. खालच्या पिंजऱ्यात सहा-सात गिनीपिग एकमेकींच्या अंगावरून पळत होत्या, शेजारी ससे आणि वर पोपटांचा कलकलाट. एक बदामी रंगाची कोपऱ्यात शांत बसली होती. पळत नव्हती, ढकलत नव्हती, मी बोट लावलं तरी हलली नाही. मला वाटलं, गरीब स्वभावाची आहे, वांगीला त्रास देणार नाही. दुकानदारही म्हणाला, एकदम शांत माल आहे, मादीच आहे. ती शांत का होती हे आज कुणी पोरसुद्धा ओळखेल. कोपरीपर्यंतच्या वाटेत ती माझ्या ओढणीत दोनदा शिंकली. बाबा म्हणाले, धूळ.

आत्याने दारात थांबवलं. ताम्हनात निरांजन, हळदकुंकू, आणि एक गाजराचा तुकडा. तिने त्या बदामी डोक्यावर बोटाने कुंकू टेकवलं, ओवाळलं, आणि बाबा हसले तर त्यांना म्हणाली, लेक येते घरात, हसतोस काय. मग मी विचारलं, कुठे ठेवू? हा प्रश्न मी का विचारला, माहीत नाही. कदाचित मला तिनेच स्वतःहून सांगायला हवं होतं. आत्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, पाहुणीला काय ओसरीवर ठेवायचं? आणि तिला उचलून सरळ वांगीच्या पिंजऱ्यात सोडलं.

वांगीने आधी दात कटकट वाजवले, पाठ फुगवली, आणि भाडेकरूने घर बळकावलेल्या मालकिणीसारखी बशीपुढे ठाण मांडून बसली. नवी कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी वांगीने तिला हुंगलं. तिसऱ्या दिवशी मी उठले तर दोघी अंगाला अंग लावून निजलेल्या, आणि मी कोथिंबिरीची पिशवी काढली तेव्हा घरात शिट्टी वाजली. एकच, घोगरी, सरावात नसलेली. आत्या स्वयंपाकघरातून लंगडत धावत आली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतरचे पाच-सहा दिवस माझ्या सबंध लहानपणातले सर्वांत सुखाचे असतील. कैऱ्या संपून आंबे आले होते. दुपारी पिंजऱ्यावर ओला पंचा टाकायचा, बर्फाची बाटली दोघींच्या मध्ये ठेवायची, आणि आत्या खाटेवर आणि मी फरशीवर आडव्या होऊन त्या दोघी गवत चावतात तो कुरकुर आवाज ऐकायचो. वांगीचं वजन रविवारी वर गेलं. आत्याने ठरवलं की बाराव्या दिवशी नवीचं बारसं करायचं, नाव तोवर ठेवायचं नाही. मी स्वतःशी म्हणायचे, बघा, लोणचं नासलं नाही.

नवव्या दिवशी वांगी शिंकली. मग डोळ्यांच्या कडेला पांढरं साचायला लागलं, श्वास घेताना बाजू आत जायला लागल्या. नवीही शिंकत होती, पण ती तरणी होती, खात होती. आम्ही परत रिक्षा केली, आत्या परत खाली थांबली, आणि मी परत तो जिना चढले. डॉक्टरने वांगीला कानाशी धरून तिचा श्वास ऐकला. नवी कधी आणली विचारलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, वेगळी ठेवलेली ना?

मी हो म्हणाले. तिला कळलं असणार. तिने औषध लिहिलं, पिचकारीने भाजीचा पातळ लगदा कसा भरवायचा ते दाखवलं, आणि आता तरी वेगळ्या कर म्हणाली. ते मात्र मी घरी येऊन सांगितलं, आणि आत्याने लगेच जुनी टोपली काढून नवीला आतल्या खोलीत ठेवलं. इतकं सोपं होतं ते. एक टोपली आणि एक दार.

तीन दिवस आम्ही वांगीला भरवलं. मी मांडीवर धरायची, आत्या पिचकारी लावायची. लगदा ओठांवरून परत बाहेर यायचा. बाराव्या दिवशी सकाळी आत्याने बारशाच्या घुगऱ्यांना हरभरे शिजत लावले, कारण आदल्या संध्याकाळी भिजत घातलेले होते आणि टाकायचे कसे. कुकर होत असतानाच वांगी माझ्या मांडीवर गेली. तिने काही केलं नाही, फक्त बाजू हलायच्या थांबल्या. कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघींनी एकदम वांगीकडे पाहिलं.

तिला जास्वंदीखाली पुरलं. खड्डा मी खणला, आत्या खुर्चीवर बसून राहिली. घरात आल्यावर तिने दोन वाट्यांत घुगऱ्या घेतल्या आणि एक माझ्यापुढे ठेवली. मला घास उतरेना. मी म्हटलं, आत्या, तो कागद. आणि एका दमात सगळं सांगितलं: जिना, मागची बाजू, डॉक्टरला मारलेली थाप, सगळं. रडत नव्हते मी. रडले असते तर बरं झालं असतं.

आत्याने वाटी खाली ठेवली.

"कागदाला मागची बाजू असते, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नसेल का गं?" ती म्हणाली. "त्याच दिवशी वाचलं मी, रिक्षातच. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा मी विचारलं, मग का नाही ठेवलीस वेगळी?

ती दारातल्या जास्वंदीकडे बघत बोलली. "तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, पोरीने मुद्दाम सांगितलं नाही. मला काय वाटतं ते हिला कळतं. मला इतकं बरं वाटलं ना अनू, की म्हटलं, राहू दे, काय होतंय." मग हलक्या आवाजात, माझ्यावर आरोप म्हणून नव्हे, पण मला तो आजवर तसाच लागला आहे, ती म्हणाली, "तू तोंडाने सांगितलं असतंस तर ठेवली असती. लोणच्याची गोष्ट वेगळी होती. ते मला कळत होतं."

आम्ही एकमेकींची मनं राखली आणि त्यात वांगी गेली. मी पुढे बऱ्याच माणसांना हे सांगून पाहिलं. ते म्हणतात, म्हातारं जनावर होतं, जाणारच होतं. जाणारच होतं हे खरं. पण तिने तीन महिन्यांनी पहिली शिट्टी मारली होती, हे त्यांनी ऐकलेलं नाही.

नवीचं बारसं राहिलंच. ती पुढे चार वर्षं जगली, नवी याच नावाने, एकटी. आत्याने तिला सोबत आणली नाही, मीही कधी सुचवलं नाही.

शाळा सुरू व्हायला पाच दिवस उरले असताना मला ताप भरला आणि खोकला सुरू झाला. मी बाहेरच्या खोलीत आत्याच्या शेजारीच झोपायचे. त्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर माझं अंथरूण आतल्या खोलीत घातलेलं, उशाशी तांब्या-भांडं, आणि एक वेगळं ताट. आत्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. म्हणाली, चार दिवस इकडे झोप अनू, माझ्या वयाला तुझा खोकला झेपायचा नाही. मी मान डोलावली, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, संपलं. मी गप्प बसून हे घरही घालवलं.

थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला म्हणून वळले. आत्या स्वतःचं ताट घेऊन उंबऱ्याच्या पलीकडे जमिनीवर बसत होती. घसरल्यापासून ती जमिनीवर बसली नव्हती, बसवतच नव्हतं. एका हाताने चौकट धरून, दुखरा पाय सरळ पुढे टाकून, तोंड वाकडं करत ती बसली. मी म्हटलं, आत्या, अगं गुडघा. तिने लक्ष दिलं नाही. बरणी उंबऱ्यावरून माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, तू कालवलेलं आहेस, बघ मुरलंय का. ते चारही दिवस ती दोन्ही वेळा तिथेच जेवली.